येसकरकी सोडली ती सोडली

"बाजूला कोण राहतं?" हा प्रश्न दिसायला साधा आहे. विचारणारा हसून विचारतो. पाणी मागतो, ओट्यावर टेकतो, "सहज चौकशी हो मावशी" म्हणतो. आणि आपली माणसं, घरात दाणा नसला तरी दारच्याला चहा पाजणारी आपली माणसं, भडाभडा बोलायला लागतात. पोरगा काय करतो, रात्री कवा येतो, त्याच्याकडं कोण कोण बसतं, सून कुठल्या जातीची, हप्ता थकला का. पाच मिनिटांत अख्खं घर दुसऱ्याच्या वहीत जातं. ज्याचं घर, त्याला पत्ता नसतो.

मी म्हणतो हे बंद झालं पाहिजे. याला कुणी भोळेपणा म्हणतं, कुणी माणुसकी म्हणतं. मी त्याला येसकरकी म्हणतो. आणि येसकरकी आपण सोडलेली आहे.

नव्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. माहीत नाही हे बरंच आहे, पण एकदा समजून घ्या. येसकर म्हणजे गावच्या येशीत काठी घेऊन उभा राहणारा महार. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाकडं उतरलं, यावर नजर ठेवायची आणि पाटलाच्या कानावर घालायचं. चावडीचा सांगावा घरोघर पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात शिळी भाकर आणि वतनाचा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रजानं ही गुलामी कागदावर पक्की केली. त्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडलं. १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि गावोगाव आपल्या बापजाद्यांनी गावकीची कामं टाकली. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. १९५८ च्या कायद्यानं असली कनिष्ठ वतनं रद्द झाली. काठी गेली.

काठी गेली, पण सवय गेली का?

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. जुन्या गावगाड्यात महाराकडं आणखी एक काम होतं. शिवेचं भांडण लागलं की महाराला बोलवायचे. शिव कुठून जाते ते त्याला ठाऊक, आणि त्याचा शब्द मानला जायचा. तो शब्द तो उघड्यावर बोलायचा. दोन्ही गावच्या माणसांसमोर, उभं राहून. ती साक्ष. येशीतली बातमी मात्र तो पाटलाच्या कानात सांगायचा, वाकून. ज्याच्याबद्दल सांगितलं तो तिथं नसायचा. ती खबर. तोंड एकच, माणूस एकच, पण साक्ष देताना माणूस ताठ असतो आणि खबर देताना वाकलेला असतो.

म्हणून मी म्हणतो : शिवेवरची साक्ष ठेवा, येशीतली खबर टाका.

ज्याची बातमी फुटते त्याच्यावर काय गुजरतं, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. परदेशात शिकून आलेला माणूस बडोद्यात गायकवाडांच्या नोकरीत गेला आणि त्याला राहायला खोली मिळेना. शेवटी पारशांच्या सराईत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. तू कोण? इथं कसा आलास? संध्याकाळपर्यंत जागा खाली कर! त्या दिवशी बाबासाहेब बडोद्याच्या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघून आले. आजही आपल्या दारात जो माणूस "बाजूला कोण राहतं" विचारतो, त्याच्या मागं कुणाची काठी आहे ते तुम्हाला दिसत नाही. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आज दारावर येतं कोण?

पहिला, साध्या कपड्यातला. आपण त्याला गोपनीयवाला म्हणतो. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जाणाऱ्या लोकांवर दगड पडले. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत कोंबिंग झालं. आमच्या नगरातही हे लोक फिरले. रेक्झिनची बॅग घेतलेला एकजण आमच्या दारात आला. आई तांदूळ निवडत होती. आधी नळाला पाणी कवा येतं ते विचारलं. मग हळूच, "शेजारचा पोरगा मोर्चात पुढं असतो ना हो?" आई सही करायलाही शिकलेली नाही. तिनं मान वर न करता सांगितलं, "त्याचं त्याला इचारा की. दार तिकडं हाय. आन् तुमचं नाव काय म्हनलं?" गडी उठला आणि चालता झाला. पण कोपऱ्यावरच्या पानटपरीवर आपलाच एक शहाणा भेटला त्याला. फुकटच्या सिगरेटीवर त्यानं पोराचं नाव, टोपणनाव, मामाचं गाव, सगळं ओतलं. तिसऱ्या दिवशी पोरगं उचललं. कुठल्या चौकीत नेलं ते त्याच्या आईला रात्रभर कळलं नाही. कुरिअरची नोकरी गेली. तारखांवर तारखा झाल्या. कोर्टात काही शाबीत झालं नाही, पण पोराची उमेदीची वर्षं गेली. ती वर्षं कोण परत देणार? तो सिगरेटवाला?

तुम्ही म्हणाल, हे झोपडपट्टीत होतं, शिकलं की सुटतो माणूस. सुटतो का? २८ ऑगस्ट २०१८ ला पुणे पोलीस गोव्यात आनंद तेलतुंबडे यांच्या घरी गेले. ते प्राध्यापक. घर संस्थेच्या आवारात. ते स्वतः घरी नव्हते. पोलिसांनी सिक्युरिटीकडून चावी घेतली आणि घर उघडलं. त्याच दिवशी हैदराबादला प्राध्यापक के. सत्यनारायण यांच्या घराची झडती झाली. घरात देवांऐवजी फुले-आंबेडकरांचे फोटो का, असं आपल्याला विचारलं गेलं, हे त्यांनी जाहीर सांगितलं. तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, ऐन भीमजयंतीला, कोठडीत गेले आणि जामिनावर बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. तारखांनाही कधी कधी तोंड फुटतं.

त्या चावी देणाऱ्या वॉचमनला मी दोष देत नाही. बारा तास उभं राहून पोट भरणारा माणूस, साहेबासमोर काय करणार? पण बघा, गेटवर उभं राहायचं, कोण आलं कोण गेलं लिहायचं, मागितली की चावी द्यायची. येशीच्या जागी सोसायटीचं गेट आलं. भाकरीच्या जागी पगार आला. कितीतरी आपलेच भाऊ या गेटांवर उभे आहेत. त्यांना जाऊन सांगा, भाऊ, मालक घरी नसताना चावी मागणाऱ्याला आधी कागद विचार.

दुसरा येतो तो "बांगलादेशी शोधणारा". हा कधी पोलीस असतो, कधी नुसताच गळ्यात पट्टा घातलेला एखादा सेनापती. "ते पलीकडचे बंगाली बोलतात ना?" आपल्यातली काही माणसं इथं फार उत्साहात येतात. आपल्यावरची नजर दुसऱ्यावर गेली याचा त्यांना आनंद होतो. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडं ढकललं. ते भारताचेच नागरिक निघाले, त्यांना परत आणावं लागलं. बोली ऐकून माणूस परका ठरवायचा असेल, तर आडनाव ऐकून आपल्याला परकं ठरवणाऱ्यांशी आपलं भांडण काय राहिलं?

तिसरा येतो पोरीच्या घरचा. हा सगळ्यात गोड बोलतो. "आमची भाची इकडं राहायला आलीय, जरा भेटायचं होतं." दोस्तांनो, जातीबाहेर लग्न करून आलेलं जोडपं बहुतेक वेळा आपल्याच वस्तीत खोली घेतं. दुसरीकडं त्यांना कोण घर देतो? १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. तिथूनच कुणीतरी नाव उतरवून घेतो. मग तो चाळीत येतो, आणि शेवटचा पत्ता आपण सांगतो : "तिसरी खोली, निळं दार." जातीच्या नावानं खून होतो तेव्हा कोयता एकाच्या हातात असतो, पण दार दाखवणारं बोट दुसऱ्याचं असतं. २७ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा जोडप्यांना संरक्षण द्या, सुरक्षित घरं ठेवा, जिल्ह्याजिल्ह्यात खास कक्ष काढा. कक्ष निघेल तेव्हा निघेल. पहिला कक्ष शेजारणीचं तोंड आहे. ते बंद राहिलं तर जोडपं जगेल.

चौथा, वसुलीवाला. बायांच्या गटाला कर्ज देतात, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणींना तिच्या दारात बसवतात. बाईच बाईच्या दारातली येसकर! रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत की असल्या सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, तिच्या नातेवाइकांना, मित्रमंडळींना छळायचं नाही, तिचं नाव चव्हाट्यावर मांडायचं नाही. हे नियम वहीत लिहा आणि वसुलीवाल्यासमोर मोठ्यानं वाचा. "ती कुठं गेली" या प्रश्नाचं उत्तर त्याला देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

आता समोरून प्रश्न येणार. मला नेहमी विचारतात. "मग काय, चोराला लपवायचं? शेजारी बाई मार खातेय तर गप बसायचं?"

नाही! हजार वेळा नाही. शेजारी बाईला मारतोय तर तुम्ही जा, दार ठोका, ११२ ला फोन लावा, आपलं नाव सांगा, ठाण्यात तिच्याबरोबर उभे राहा. पोराला कुणी डांबलं असेल तर १०९८ आहे. तिथं कुणी विचारायला येण्याची वाटच कशाला बघायची? ही साक्ष आहे, आणि साक्षीला आपण कमी पडतो हेच तर आपलं दुखणं आहे. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी पोराला मारून टाकलं. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो म्हणून. दिवसाउजेडी. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या कोर्टानं आरोपी सोडले, कारण साक्षीदार फिरले. जो समाज दारातल्या परक्याला शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतं ते सांगतो, तोच समाज कोर्टाच्या पिंजऱ्यात मुका होतो! ॲट्रॉसिटी कायद्यात १५-अ हे कलम आलंय, पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांसाठी, २०१६ च्या जानेवारीपासून ते लागू आहे. ते किती कार्यकर्त्यांना पाठ आहे? जिथं बोलायचं तिथं बोला. जिथं बोलायचं नाही तिथं जीभ आवरा. आपण नेमकं उलटं करतो.

दुसराही एक धोका सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कुणी वेडंवाकडं नेऊ नये. अनोळखी माणूस म्हणजे शत्रू नव्हे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. पोरं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा होती. ती भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसं होती. म्हणजे आपलीच माणसं. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि १९५२ पर्यंत ज्यांना हजेरी लावायला लावली, त्या भटक्या-विमुक्तांकडं गाव अजून त्याच नजरेनं बघतं. तेव्हा परक्याला पाणी द्या, सावली द्या, बसायला पोतं द्या. फक्त शेजाऱ्याचं घर देऊ नका. हात उगारायचा नाही, शिवी द्यायची नाही. सांगायचं नाही, एवढंच.

आणि खोटंही बोलायचं नाही. कायदा नीट समजून घ्या, अर्धवट हुशारी तुरुंगात नेते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७९ कलमाप्रमाणं साक्षीदार म्हणून हजर राहायला सांगायचं तर तपास अधिकाऱ्यानं लेखी आदेश द्यावा लागतो. बाईला, १५ वर्षांखालच्या पोराला, ६० च्या वरच्या म्हाताऱ्याला, अपंगाला, फार आजारी माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांच्या घरी येऊन विचारावं लागतं. कलम १८० प्रमाणं चालू तपासात विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं बंधनकारक आहे, मात्र ज्या उत्तरानं स्वतःवरच गुन्हा ओढवेल ते द्यावं लागत नाही. कलम १८१ प्रमाणं त्या जबाबावर सही करायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. खून, दरोडा असल्या काही गंभीर गुन्ह्यांची माहिती असेल तर ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे सगळं खरं. पण बघा, यात प्रत्येक ठिकाणी गुन्हा असतो, तपास असतो, अधिकाऱ्याचं नाव असतं. "सहज चौकशी" याला यात जागा नाही. गुन्हा क्रमांक नाही, कागद नाही, नाव नाही, त्याला उत्तरही नाही.

सगळ्या चौकश्या वाईट नसतात. पासपोर्टसाठी पोलीस येतो, शेजाऱ्याला ते माहीत असतं, त्यानंच अर्ज केलेला असतो. तिथं सरळ सांगा. जनगणनेचा कर्मचारी येतो. त्याला स्वतःच्या घराचं नीट सांगा, धर्म बौद्ध हे ठासून लिहायला लावा. १९४८ च्या जनगणना कायद्यानं ती माहिती गुप्त असते. मोजमाप एकच ठेवा : शेजाऱ्याला ठाऊक असलेली चौकशी, की त्याच्या पाठीमागची? पाठीमागची असेल तर तोंड बंद.

आता थोडं आपल्यातल्यांवर बोलतो. राग आला तर येऊ द्या.

प्रत्येक वस्तीत एक तरी पुढारी असा असतो की ज्याचा साहेबाबरोबर चहा होतो. जयंतीची परवानगी तोच आणतो. शांतता समितीत पहिल्या रांगेत तोच बसतो. "साहेब आपल्याला विचारल्याशिवाय काय करत नाय," असं छाती फुगवून सांगतो. अरे, साहेब तुला विचारतो कारण तू सांगतोस! तुझ्या खुर्चीखाली कुणाची पोरं दाबली गेली ते कधी वाकून बघितलंस का? पाटलानं येसकराला मिशीवर ताव द्यायला दिला म्हणून येसकर पाटील झाला नव्हता.

दुसरे आपले कॉलनीतले. नोकरी लागली, फ्लॅट घेतला, दारावरची पाटी इंग्रजीत केली. कुणी वस्तीतल्या पोरांबद्दल विचारलं की हे लगेच, "आम्ही तसले नाही हो, ती पोरं जरा उनाडच." हे बोलताना त्यांना वाटतं आपण वाचलो. पण उद्या त्यांच्याच मजल्यावर एजंट येऊन शेजाऱ्याला हळूच विचारणार, "ते जयभीमवाले का?" तेव्हा शेजारी गप बसेल ही आशा त्यांनी कुठल्या तोंडानं ठेवायची?

आणि कार्यकर्ते, तुम्ही. होय, तुम्हीच. मोर्चाहून आलात की कोण कुठं झोपला, कुणाच्या घरी बैठक झाली, हे सगळं नाक्यावर मोठ्यानं सांगता. फोनवर फोटो टाकता, चेहरे सगळे ओळखू येतात. २०२५ च्या जुलैमध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यातल्या व्याख्या एवढ्या ऐसपैस आहेत की कोण त्यात बसणार नाही ते शोधावं लागेल. असल्या काळात बढाई ही सुद्धा खबरच असते.

काम काय करायचं ते सांगतो. त्याच्याकडं वही असते ना? आपलीही वही पाहिजे. विहारात एक साधी शंभर पानी वही ठेवा. दारावर कोण आलं, नाव काय सांगितलं, हुद्दा काय, कुठलं ठाणं, किती वाजले, काय विचारलं. सगळं तारखेनिशी लिहा. ओळखपत्र मागा. दाखवलं तर नंबर उतरवा, नाही दाखवलं तर तेही लिहा. ज्याच्याबद्दल विचारलं त्याला त्याच दिवशी जाऊन सांगा, म्हणजे तो वकील बघेल, घरच्यांना सांगेल. बायाबापड्यांना, म्हाताऱ्यांना, लहान पोरांना एकच वाक्य शिकवा : "त्याचं त्याला विचारा, आणि तुमचं नाव सांगा." पोरांना मुद्दाम शिकवा, कारण गोळी देऊन पोरांनाच आधी विचारतात.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि ही वही सुरू करा. पहिल्या पानावर आपल्या वकिलाचं नाव आणि फोन लिहा. दुसऱ्या पानापासून कामाला लागा.

जय भीम!